तिसरं कडवं

ते गाणं मला कधीच आवडलं नाही. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर लोक म्हणतील, बायको गेली आणि म्हातारा आता तिच्या गाण्याचे गोडवे गातोय. बायको गेली, मागच्या नाताळाच्या जरा आधी. कॅसेट मागे राहिली. कव्हरवर एक गिटार आहे आणि मागे जहाज. ज्यानं ते चित्र काढलं त्यानं जन्मात जहाज पाहिलेलं नसावं, नांगर चिमणीला बांधल्यासारखा दिसतो.

अशा कॅसेटला सिंगल म्हणतात. तिच्यात एकच गाणं. एका बाजूला माझ्या बायकोच्या आवाजात, दुसऱ्या बाजूला नुसती गिटार, म्हणजे ज्याला म्हणायचं असेल त्यानं आपलं आपण म्हणावं.

ही नव्वदनंतरची गोष्ट, सिंगापुरात वुडलँड्सला एमआरटी, म्हणजे मेट्रो, नुकती आली होती तेव्हाची. पण गाणं ज्याच्यावर आहे ते त्याच्याही आधी घडलं, म्हणून तिथून सुरू करतो.

मी सेम्बावांगच्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात फिटर होतो. मूळचा नगर जिल्ह्यातला, शाळा चौथीपर्यंत, पुढे हातांनीच काय ते शिकून घेतलं. गुडघा कामातून गेल्यावर मला टाक्यांच्या तोंडाशी बसवलं. जहाजाच्या पोटात टाक्या असतात, रिकामं जहाज डुलू नये म्हणून समुद्राचं पाणी भरायच्या. जहाज दुरुस्तीला आलं की त्या उपसतात आणि माणसं आत उतरून गंज खरवडतात, वेल्डिंग करतात, रंग मारतात. आत जायला माणूस जेमतेम मावेल एवढं तोंड असतं, त्याला मॅनहोल म्हणतात. माझं काम त्याच्याशी बसायचं. कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, हवेचा पंखा चालू आहे का, हाक मारली तर ओ येते का. लोक म्हणायचे, काका, तुमची मजा आहे, बसून पगार. मी म्हणायचो, ये, बस माझ्या जागी.

बंद टाकीत गंज हवा खाऊन टाकतो. त्याला वास नसतो, धूर नसतो. माणूस शिडीनं उतरतो, वरच्या पायऱ्यांवर बरा असतो, खाली गेला की गुडघ्यात मोडतो. ओरडायलाही फुरसत मिळत नाही. वर उभा असलेल्याला वाटतं, पाय घसरला याचा, उचलून आणू. तो उतरतो. मग तोही तिथेच.

त्या दिवशी शेजारच्या टाकीत, माझ्या नव्हे, एक बांगलादेशी रंगारी हवा तपासायच्या आधीच उतरला. आरडाओरडा ऐकून मी लंगडत पोचलो. वाकून पाहिलं तर तो खाली पालथा पडलेला, बॅटरी हातात, उजेड भिंतीवर. मला काही सुचलं नाही. सगळं माहीत असून मी पाय आत टाकला. आमच्या चिनी फोरमननं माझी कॉलर धरली, मला डेकवर आडवा पाडला आणि पाठीवर बसला. चांगला जड माणूस होता. म्हणाला, "मरायचंय तर उद्या मर. आज माझी शिफ्ट आहे." मी त्याला मराठीत येत होत्या तेवढ्या सगळ्या शिव्या दिल्या. त्याला एकही कळली नाही आणि तो उठलाही नाही.

पण टाकीला दुसरीकडूनही एक तोंड होतं. तिथून एक तमिळ वेल्डर उतरला. कामगारांच्या डॉर्मिटरीत रंगारी खालच्या बंकवर झोपायचा, हा वरच्या. हवेचे सिलिंडर पाठीला लावलेली माणसं आली तोवर दोघंही संपले होते. दोघांना डेकवर शेजारी शेजारी ठेवलं, वर एकच ताडपत्री.

हे सगळं मी घरी येऊन बायकोला सांगितलं. मी तिला सगळंच सांगायचो. दुसरं होतं कोण ऐकायला.

बायको नगरकडच्या मिशन बोर्डिंगात वाढलेली. आम्ही ख्रिस्ती. तिकडे आमच्या देवळात पेटी-तबल्यावर भजनं व्हायची आणि हिचा आवाज असा की मागे बसलेली म्हातारी माणसं डोळे मिटून घ्यायची. इथे आल्यावर ती चर्चच्या बालवाडीत मदतनीस म्हणून लागली. तिथेच तिला इंग्रजी आलं. पोरांचं इंग्रजी, पण बिनचूक. माझ्यापेक्षा तर कितीतरी बरं.

त्या चर्चमध्ये एक म्हातारा युरेशियन यायचा, म्हणजे अर्धा गोरा, अर्धा इथला. लग्न केलेलं नव्हतं. सिंगापूरच्या उकाड्यात डोक्यावर काउबॉयची टोपी, पायात टाचेचे बूट. तरुणपणी हॉटेलांत गिटार वाजवायचा. त्याला कंट्री म्युझिकचं वेड होतं. मी बायकोला विचारलं, कंट्री म्हणजे कुठली कंट्री? ती म्हणाली, "अमेरिकेतल्या खेड्यातली गाणी हो. एक माणूस आपलं दुःख सांगतो, बाकीचे शेवटची ओळ धरतात. आपलं भजनच की, फक्त टाळ नाहीत."

बायकोनं त्या दोन माणसांची गोष्ट बायकांच्या प्रार्थनासभेत सांगितली. ती कुणीतरी टोपीवाल्याला सांगितली. दोन आठवड्यांनी तो गाणं घेऊन आमच्या दारात उभा. म्हणाला, "सिस्टर, हे तुम्हीच म्हणायचं. माझा आवाज सिगारेटनी खाल्ला."

त्यानं आमच्या सोफ्यावर बसून ते वाजवलं. पहिल्या कडव्यात दोन परदेशी माणसं, एक खालच्या बंकवर, एक वरच्या, भाताचं पातेलं एक. ज्या जहाजांचा चकचकीत रंग तुम्ही पुलावरून बघता तो मारणारे झोपतात कुठे, ते कधी विचारलंत का, असं चर्चमध्ये एसीत बसणाऱ्या मंडळींना त्यात विचारलं होतं. ते मला पटलं. तेवढं गाणं चांगलं होतं, मी नाही म्हणणार नाही. दुसऱ्या कडव्यात एक पडतो आणि दुसरा शिडी उतरतो. धृपदाचा अर्थ असा की घाबरू नको भावा, तू एकटा नाहीस, मी खाली येतोय. आणि तिसऱ्यात प्रभू येशू टाकीच्या तळाशी दोघांची वाट बघत बसलेला असतो आणि दोघांचे हात धरून त्यांना वर नेतो.

माझा मुलगा स्वयंपाकघराच्या दाराला टेकून ऐकत होता. आर्मीची सक्तीची वर्षं उरकून, टेक्निकलचा कोर्स करून तो नुकताच तुआसच्या एका यार्डात लागला होता. त्याचा पाय तालावर हलत होता. धृपद दुसऱ्यांदा आलं तेव्हा तो ते गुणगुणायला लागला. मी खाली येतोय, मी खाली येतोय.

माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

टोपीवाला गेल्यावर मी म्हटलं, "हे गाणं म्हणायचं नाही."

"का?"

"तो वेल्डर तर कपाळाला भस्म लावायचा. त्याच्यावर येशूचं गाणं?"

"प्रभूला भस्माचं काय करायचंय?" बायको म्हणाली. "खरं काय ते बोला."

खरं काय ते बोलायला मला जड गेलं. मी एवढंच म्हणालो की गाणं चुकीचं आहे. टाकीत उतरण्याला प्रेम म्हणणारं गाणं यार्डातल्या पोरांनी ऐकायचं नसतं. एक मेला असता, गाण्यामुळे दोन मरतील. ती म्हणाली, "गाण्यामुळे कोणी मरतं का?" मुलगा हसला. इथल्या पोरांसारखं शेवटी लाह लावून म्हणाला, "पप्पा, इट्स जस्ट अ साँग लाह."

दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्यावर पाळत ठेवायला लागलो.

सकाळी कंपनीची बस त्याला इमारतीखालून तुआसला न्यायची. बस वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मी गॅलरीत उभा असायचो. मग माझी बस. दिवसभर मी माझ्या मॅनहोलशी बसून माझ्या माणसांना हाका मारायचो आणि मनात तुआसचं मॅनहोल असायचं, जे मी कधी पाहिलं नव्हतं. तिथे तोंडाशी कोण बसतं? पंखा कोण बघतं? चहाच्या सुट्टीत मी फोनच्या डब्याशी जाऊन त्याचा पेजर वाजवायचो. तो बिचारा कामातून वर येऊन फोन शोधून माझ्या यार्डात फोन लावायचा. "काय झालं, पप्पा?" "काही नाही. जेवलास का?" "दहा वाजलेत, पप्पा." पुढे पुढे त्यानं फोन करणं सोडलं. आणि फोन आला नाही की मी दुसऱ्यांदा पेजर वाजवायचो.

रात्रीच्या जेवणाला मी त्याची परीक्षा घ्यायचो. ताट वाढलं की सुरू.

"माणूस खाली पडलाय. काय करशील?"

"ओरडणार."

"मग?"

"रेडिओवर सांगणार. पंखा फुल करणार. हवेचा दुसरा होज आत सोडणार."

"मग?"

"मग थांबणार. जाणार नाही. पप्पा, भात थंड होतोय."

"आणि दुसरा कोणी जायला लागला तर?"

"धरणार त्याला. एव्हरी नाइट सेम टेस्ट. मार्क तरी सांगा ना."

बायको वाढता वाढता गप्प ऐकायची. पण दुपारी टोपीवाल्याकडे जाऊन गाण्याची तालीम करायची, ते काही थांबलं नाही. टोपीवाल्याच्या कुणा मित्राच्या दुकानामागे रेकॉर्डिंगची खोली होती, तिथला दिवसही ठरला. कॅसेटी काढून चर्चांतून आणि नाविकांच्या मिशनमधून वाटायच्या होत्या. म्हणजे नेमक्या ज्यांनी ऐकायला नको त्यांच्याच हातात.

एका रविवारी उपासना झाल्यावर मी तिला पुन्हा धरलं. म्हटलं, दोन कडवी म्हण, तिसरं आणि धृपद सोड. ती चर्चच्या बाहेर बाकावर बसली. म्हणाली, "त्या वेल्डरचा भाऊ तुमच्याच यार्डात आहे ना?"

"आहे."

"तो मिशनमध्ये आला होता जेवायला. मी बोलले त्याच्याशी. त्याच्या गावात लोक म्हणतात, तुझा भाऊ मूर्खासारखा मेला. दुसऱ्याच्या मागे कशाला गेला? त्याची वहिनी, वेल्डरची बायको, फोनवर एकच विचारते, ते मूर्ख होते का? एवढंच सांगा म्हणते. आता मी काय करू? धृपद सोडून देऊ? म्हणजे तिला सांगू की हो, बाई, मूर्खच होता?"

तो मूर्ख नव्हता. मी स्वतः पाय आत टाकला होता आणि मला नियम त्याच्यापेक्षा जास्त माहीत होते. माझ्या पाठीवर फोरमन बसला, त्याच्या पाठीवर बसायला कोणी नव्हतं. फरक तेवढाच. पण मी म्हणालो ते दुसरंच. म्हणालो, "त्या बाईचं जे व्हायचं ते झालं. मला पुढच्या बाईची काळजी आहे."

"पुढची बाई कोण?"

"तू."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग उठली आणि छत्री उघडून चालायला लागली.

त्या आठवड्यातच जेवताना मी नेहमीसारखा मुलाला विचारायला लागलो. माणूस खाली पडलाय. काय करशील? तो घडाघडा सांगत सुटला, ओरडणार, रेडिओ, पंखा, होज, थांबणार. तेवढ्यात बायको पोळी वाढता वाढता थांबली.

"आत पप्पा पडलेत," ती म्हणाली. "आता सांग."

मुलाचा घास हातात राहिला.

"मम्मी, असं काय विचारतेस?"

"विचारतेय ना. पप्पा खाली आहेत. हलत नाहीत. तू वर आहेस. सांग."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणालो, "तरी जायचं नाही." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही नीट. त्यानं मान खाली घातली. हो म्हणाला नाही.

"आणि अहो, तुम्ही सांगा," ती म्हणाली. "हा खाली आहे. तुम्ही वर. गुडघा तसाच."

"बास कर," मी म्हटलं.

"उत्तर द्या ना. रोज पोराला विचारता."

मी ताटावरून उठलो. हात धुतले आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आत तिघांची ताटं तशीच. मला वाटलं, हे नियम आपण कशाला पाठ करून घेतोय? ज्या दिवशी खरी वेळ येईल त्या दिवशी तळाशी परका माणूस नसणार. तळाशी कोणीतरी आपलंच असणार. डॉर्मिटरीतला बंकवाला काय आणि बाप काय, आतून तेच. तेव्हा रेडिओ आणि पंखा कोणाला आठवतोय?

त्या रात्री मला झोप लागली नाही आणि बायकोलाही लागली नसावी. ती भिंतीकडे तोंड करून हळू आवाजात काहीतरी जुळवत होती. मला वाटलं, प्रार्थना करत असेल.

रेकॉर्डिंगला जायचं नाही असं मी ठरवलं होतं. गेलो. न जाऊन करणार काय? ती खोली म्हणजे दुकानामागचं गोदाम. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. पंखा बंद, कारण त्याचाही आवाज. टोपीवाल्यानं पहिल्यांदाच टोपी काढली होती, आत टक्कल. मुलगाही आला होता, हातात एक कागद. मला वाटलं, आईला इंग्रजी शब्द अडले तर सांगायला.

माझ्या बायकोनं चप्पल काढली. गाताना ती अनवाणीच उभी राहायची. गिटार सुरू झाली. पहिलं कडवं झालं, बंक, पातेलं, जहाजाचा रंग. दुसरं झालं. धृपद आलं, मी खाली येतोय. मी गादीच्या भिंतीला टेकून डोळे मिटले. माझ्या शर्टाला घाम फुटला होता. वाटत होतं, हे थांबवावं, गिटारची तार तोडावी, काहीही करावं.

तिसऱ्या कडव्यात येशू नव्हता. म्हणजे नावानं नव्हता. तिसऱ्या कडव्यात जो पडलाय तोच बोलत होता, तळातून. त्याचा अर्थ असा: भावा, तू आलास हे मला कळलं. शिडीवर तुझा पाय मला दिसला. तू मूर्ख नाहीस, माझ्यावर तुझ्याइतकी माया कोणी केली नाही. पण आता दुसरं कोणी वर उभं असेल तर त्याला सांग, येऊ नको. हाक मार, हवा सोड, उजेड धर, तोंडाशी थांब. माझ्यासाठी एवढं कर की तू जग. यानंतर धृपद पुन्हा आलं, पण या वेळी शब्द फिरलेले. घाबरू नको भावा, तू एकटा नाहीस, मी इथे वरच आहे.

टोपीवाला शेवटचा सूर संपल्यावर तार दाबून तसाच बसला. मग नाक पुसून म्हणाला, "सिस्टर, कंट्रीत असं नसतं. कंट्रीत माणूस मरतो आणि गाणं संपतं."

"मग तुमच्या कंट्रीला सांगा," ती म्हणाली, "आमच्या नगरकडे असं असतं."

नंतर कळलं, कडवं तिनं मराठीत जुळवलं होतं आणि मुलानं बसून त्याचं इंग्रजी केलं होतं. चार रात्री मायलेक स्वयंपाकघरात कुजबुजत होते. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी बाहेर येऊन तिला म्हटलं, "आता जरा बरं आहे." माझ्याकडून तेवढंच निघालं. ती म्हणाली, "जरा?" आणि हसली.

पण काळजी गाण्यानं जात नाही. मी पेजर वाजवतच राहिलो.

कॅसेटी वाटून झाल्या. मग पुढच्या एका शनिवारी मला अर्धी सुट्टी होती. दुपारी मी वुडलँड्सच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांत, कॉफी घेऊन बसलो होतो. शेजारच्या टेबलावर तुआसचा एक ट्रकवाला बसला होता. तो स्टॉलवाल्याला म्हणाला, आज तिकडे ॲम्ब्युलन्स आलेली, टाकीत गेला कोणीतरी. मी यार्डाचं नाव विचारलं. माझ्या मुलाचंच होतं. कोण गेला विचारलं तर म्हणाला, काय माहीत, इंडियन होता म्हणतात.

मी पेजर वाजवला. फोनच्या डब्याशी उभा राहिलो, फोन आला नाही. पुन्हा वाजवला. मागे एक बाई फोनसाठी थांबली होती, तिला मी हाकललं. यार्डाच्या ऑफिसला लावला तर उचलणारी मुलगी म्हणाली, होल्ड करा. होल्डवर गाणं वाजत होतं, कसलं ते आठवत नाही, पण मला तो फोन भिंतीवर आपटावासा वाटला. नाणी संपली. घरी धावलो म्हणणार होतो, पण गुडघ्यानं धावता येत नव्हतं. बायको दारातच होती, माझं तोंड बघून तिनं काही विचारलं नाही. आम्ही दोघं खाली बसच्या थांब्यावर जाऊन उभे राहिलो. बसला अजून बराच वेळ होता. आम्हाला माहीत होतं. तरी उभे राहिलो.

प्रार्थना कर, मी तिला म्हणालो. ती म्हणाली, "करतेच आहे. तुम्ही माझा हात सोडा जरा, दुखतोय."

बस आली. एक उतरला, दुसरा उतरला, चार उतरले. मग आमचा. हेल्मेट काखेत, शर्टाची बाही फाटलेली, गालावर ओरखडा. आम्हाला बघून तो थबकला, आणि मग लहानपणी करायचा तसं तोंड वाकडं झालं त्याचं.

वर आणलं. पाणी दिलं. ग्लास संपवून बोलायला लागला. तमिळनाडूचा एक फिटर आत पडला होता. मुलगा तोंडाशी होता. त्यानं हाक मारली, रेडिओवर सांगितलं, होज आत टाकला. तेवढ्यात पडलेल्याचा चुलत भाऊ धावत आला आणि सरळ आत निघाला. आमच्या पोरानं त्याला कमरेला धरून पाडलं आणि त्याच्यावर बसला. त्यानं ओरबाडलं, चावला, बाही फाडली, आईवरून शिव्या दिल्या. पोरगा उठला नाही. सिलिंडरवाली माणसं आली आणि आतल्याला काढलं. श्वास चालू होता. हॉस्पिटलात नेला.

"मेला तर?" तो म्हणाला. "पप्पा, तो मेला तर त्याचा भाऊ म्हणणार, याच्यामुळे मेला. मी उतरलो असतो तर..."

रोज परीक्षा घेणारा मी, हा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता.

बायकोनं त्याच्या गालाला हळद लावली. मग विचारलं, "माझं कडवं आठवलं का रे?"

"नाही, मम्मी. सॉरी." तो जरासा हसला. "तू त्या दिवशी विचारलंस ना, आत पप्पा आहेत म्हणून? ते आठवलं. खाली वाकलो तर मला पप्पाच दिसले. मोठ्यानं शिव्या देत होते. गाढवा, आत आलास तर तंगडं मोडीन."

बायको माझ्याकडे बघून तोंडावर पदर धरून हसायला लागली. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ तिथेच उभा राहिलो.

तो फिटर जगला की नाही हे कळायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस मुलगा जेवला नाही. फिटर जगला. बोलणं जरा अडखळायला लागलं होतं म्हणे, त्याला गावी पाठवून दिलं. पुढे त्याचं काय झालं ते आम्हाला कळलं नाही. चुलत भाऊ मात्र आमच्या पोराशी त्यानंतर कधी बोलला नाही. मुलगा अजून म्हणतो, त्याचा राग बरोबर आहे.

आता मुलगा ऑस्ट्रेलियात असतो, मी याच फ्लॅटमध्ये. बायकोला आधी कावीळ झाली, मग कळलं की कावीळ नव्हे, आतलं मोठं दुखणं आहे. शेवटी शेवटी ती डोळे मिटून पडायची आणि मी बेडच्या कडेला खुर्चीवर बसायचो. मधूनमधून हाक मारायचो. ओ यायची. मग उशिरा यायला लागली. मग एके दिवशी आली नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मुलाचा फोन येतो. "पप्पा, जेवलात का?" मी म्हणतो, "पाच वाजलेत." पण तो ऐकत नाही. मी उचलला नाही तर पुन्हा करतो, पुन्हा करतो. त्याला कशाची भीती वाटते ते मला कळतं. पहिल्या महिन्यात मी त्याला म्हणालो होतो, मला आता इथे काही काम नाही, मी तिच्याकडे जातो. तो म्हणाला, "पप्पा, तिसरं कडवं तुम्हाला इंग्रजीतून सांगू का मराठीतून?"

मी फोन ठेवून दिला होता. राग आला होता मला.

गाणं अजूनही आवडत नाही. टेप ताणली गेलीय, मध्येच तिचा आवाज जाडा होतो, पुरुषासारखा. तरी संध्याकाळी लावतो. तिसरं कडवं संपतं, बटण खटकन वर येतं, आणि थोड्या वेळानं फोन वाजतो. उचलतो. हो, जेवलो, म्हणतो. मग उठून भात लावतो.